सीटखालची चिठ्ठी

४ ऑक्टोबर

पान्या,

वर ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं होतं, ते खोडलं. नऊ वर्षांनी पत्र लिहायचं आणि पहिल्याच ओळीत मोठेपणा घ्यायचा, म्हणजे तू तिथेच कागदाची घडी करून टाकशील. म्हणून आधी कामाचं लिहितो. कामाचं वाचल्याशिवाय तू कागद टाकत नाहीस, एवढं मला ठाऊक आहे.

बाईसाहेब विकायच्या आहेत. गिऱ्हाईक मिळालं आहे. गाडीच्या कागदावर नानांनी आपल्या दोघांचं नाव घातलं होतं, ते अजून तसंच आहे. म्हणजे तुझ्या सहीशिवाय व्यवहार होत नाही. फॉर्म सोबत जोडला आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. फॉर्मवर तुझं पूर्ण नाव लिहिताना मला क्षणभर थांबावं लागलं. पाना उशाशी घेऊन झोपणाऱ्या पोराला आई पान्या म्हणायला लागली, आणि नंतर कुणी दुसरं काही म्हटलंच नाही.

तुझा पत्ता स्पेअर पार्टवाल्याकडून घेतला. आधी देत नव्हता. म्हणाला, “घरच्यांना देऊ नका, असं सांगून ठेवलंय त्याने.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “पण तुम्ही कुठे घरचे?” आणि स्वतःच हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. तू बसच्या डेपोत आहेस, शंभर-सव्वाशे बसचे ब्रेक तुझ्या हाताखालून जातात, हेही त्यानेच सांगितलं. ते ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

गॅरेजची जागा ३१ तारखेला सोडायची आहे. मालकाच्या मुलाला तिथे इमारत बांधायची आहे. इतर सामान घरात कुठेतरी कोंबता येईल, पण गाडी काय पलंगाखाली सरकवणार? घराच्या दारात जागा नाही, आणि कापडी टपाची गाडी उघड्यावर ठेवली तर वर्षभरात कुजते.

नाना ठीक आहेत म्हणायचं. त्या दिवशी कंबर गेली ती गेलीच, चाकाच्या खुर्चीत असतात. दोन वर्षांपासून कानही गेले. कानातलं मशीन आणलं होतं, ते दोन दिवस लावलं आणि काढून डबीत ठेवलं. म्हणाले, “नुसती घरघर. इंजिनाची असती तर ऐकली असती.” ते बोलतात खणखणीत, पण आपण त्यांना जे सांगायचं ते पाटीवर लिहून द्यावं लागतं. तुझी वहिनी म्हणते, या घरात भांडायचं तर आधी खडू शोधा. निम्मं लिहून होईपर्यंत राग जातो.

गिऱ्हाईक म्हणजे एक दातांचा डॉक्टर आहे. त्याच्याआधी नानांनी तिघांना वाटेला लावलं. एकाला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. नाना म्हणाले, “बाईसाहेब बसायला आलेल्या नाहीत, चालायला आल्यात.” या डॉक्टरने पाटी मागून घेतली आणि पहिलाच प्रश्न लिहिला, ‘चढावर तापते का?’ नानांचं मन तिथेच बसलं. बायको आणि दोन मुलींना घेऊन फिरवणार आहे म्हणतो.

जुनं काही उकरत नाही. तुझ्या हातून काम राहिलं, नाना बोलू नये ते बोलले, तू निघून गेलास. मी मध्ये पडलो नाही हे खरं, पण मी पडून काय होणार होतं?

सही तेवढी कर.

दादा


९ ऑक्टोबर

पान्या,

तुझं पाकीट अजून आलेलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं, तरी दुसरं पत्र लिहितोय, कारण काल डॉक्टर येऊन गेला आणि मला कुणाशी तरी बोलायचं आहे. घरात बोलायचं म्हणजे पाटी, आणि पाटीवरचं सगळ्यांनाच दिसतं.

सोबत त्याने एक चष्मेवाला आणला होता, जुन्या गाड्यांची पारख करणारा. आमच्या तोंडावरच म्हणाला, “दुरुस्त केलेल्या गाड्या मी पुष्कळ बघतो, बहुतेकांना नुसता रंग फासलेला असतो.” मग खाली सरकला, वर आला, पुन्हा खाली गेला. दीड तासाने उठून हात पुसत म्हणाला, “इंजिन कुणी बांधलंय?” मी म्हटलं, धाकट्या भावाने. “कुठे असतो?” म्हटलं, लांब असतो. “त्याला सांगा, इतक्या वर्षांत असं बांधलेलं बघितलं नाही.” निरोप पोहोचवला.

टपाचंही कौतुक केलं बरं का. एका हाताने उघडला, एका हाताने मिटला. तिसऱ्यांदा शिवलाय मी तो.

मग डॉक्टर म्हणाला, “मागची सीट मात्र बदलून घेणार. बायकोला तपकिरी रंग आवडत नाही. आमच्याकडे एक शिवणारा आहे, तो सगळं उसवून नवं करेल.” मी म्हटलं, मीच करून देतो, चार दिवसांचं काम आहे. तो नको म्हणाला. मी म्हटलं, पैसे घेणार नाही. तरी नको. घरचा माणूस आहे म्हणे, त्याला वाईट वाटेल. मी इतका मागे लागलो की चष्मेवाल्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

एवढ्यात नानांनी खुर्चीतून विचारलं, “चिठ्ठी लिहिलीस का?” मी मान हलवली, लिहितो म्हटलं. डॉक्टरला चिठ्ठी म्हणजे काय ते समजेना, मग त्याला सगळं सांगावं लागलं. म्हटलं, आमच्याकडे मागची सीट सगळ्यात शेवटी बसते. ज्याने ज्याने गाडीवर काम केलं, त्याने आपलं काय उरलंय ते फिल्टरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहायचं आणि सीटखालच्या पत्र्यावर ठेवायचं. पेन्सिल अशासाठी की शाई तेलाने पसरते. सीट बसवणारा ती चिठ्ठी वाचतो. घड्याळ बंद, हँडल कडक, असलं किरकोळ असेल तर खाली बरोबरची खूण करायची, चिठ्ठी तिथेच ठेवायची आणि सीट बसवायची. पुढच्या मिस्त्रीला ती उपयोगी पडते. धोक्याचं काही असेल तर सीट बसवायचीच नाही. सीट बसली म्हणजे गाडी सुटली. तीस वर्षांत इथून एकही गाडी या खुणेशिवाय गेलेली नाही, आणि खूण करणारा मी.

डॉक्टर म्हणाला, “चांगली पद्धत आहे. आमच्याकडे दाढ काढतानाही इतकं विचारत नाहीत.” आणि मग, आम्ही नंतर सरळ करून घेतलेल्या पुढच्या पत्र्याकडे बघत सहज म्हणाला, “मग हिचा अपघात कसा झाला?”

मी म्हटलं, त्या वेळी चिठ्ठी नव्हती.

नानांना काही ऐकू आलेलं नव्हतं, येतच नाही. तरी मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

तो दिवस तू विसरला नसशीलच. हॉस्पिटलच्या जिन्यात तू नवा ब्रेक पाइप हातात घेऊन उभा होतास, कागदातून काढलेलाही नव्हता. पहाटे तोच आणायला निघून गेला होतास, आम्हाला कुणाला न उठवता. “मी लिहून ठेवलं होतं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होतास. नानांनी कळा सोसत मला बघायला पाठवलं. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. मी सीट उचलली, परत आलो, आणि काही नाही म्हणून सांगितलं. मग नाना तुला म्हणाले, “काम राहिलं तर एक वेळ चालतं. खोटं चालत नाही. तू माझ्या दारात येऊ नकोस.” तू माझ्याकडे बघितलंस. मी कुठे बघत होतो ते मला आठवत नाही.

झालं ते झालं. सही करून पाठव. २५ तारखेला, रविवारी, गाडी न्यायला येणार आहेत.

दादा


१७ ऑक्टोबर

पान्या,

पाकीट मिळालं. वहिनीने फोडलं. आत फॉर्म, फॉर्मवर सही. पत्र असेल म्हणून तिने पाकीट उलटं करून झटकलं, माझ्यासमोर दोनदा. मग फॉर्म उलटा केला आणि मोठ्याने वाचलं, “चिठ्ठीशिवाय गाडी देऊ नका.” पेन्सिलीने लिहिलंयस. नऊ वर्षांत तुझे चार शब्द आले, ते हे. म्हटलं तर कुठल्याही मिस्त्रीने लिहावेत असे.

वहिनी म्हणाली, “एवढंच? भावजींनी माझी विचारपूसही केली नाही?” मी म्हटलं, कामाचा फॉर्म आहे, त्यावर विचारपूस कुठे करणार? नानांनी फॉर्म मागितला. भिंगातून सही बघितली, मग मागची ओळ बघितली. पुष्कळ वेळ बघितली. परत देताना म्हणाले, “अक्षर सुधारलं नाही.” नऊ वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

दुपारी गॅरेजमध्ये गेलो आणि सीट बाहेर काढली. म्हटलं, दुसऱ्या कुणी उसवायच्या आधी आपणच एकदा आतून नीट बघावी, स्प्रिंगा वगैरे. बाजूची शिवण उघडली. आणि पान्या, काथ्याच्या थरात तुझी चिठ्ठी सापडली.

विश्वास बसणार नाही तुझा, माझाही बसला नाही. फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा, वर त्या दिवसाची तारीख. ‘मागचा डावा ब्रेक पाइप सांध्यात पाझरतो. नवा आणायला जातोय, संध्याकाळी बसवतो. तोवर गाडी हलवू नका.’ म्हणजे तू लिहिलं होतंस. खरं बोलत होतास. मी घाईत सीट बसवली तेव्हा ती चिठ्ठी काथ्याला चिकटून आत ओढली गेली असणार, म्हणून मला तेव्हाही दिसली नाही आणि नंतर बघायला गेलो तेव्हाही नाही. दुसरं काय असणार?

मला फार वाईट वाटलं. नानांना सांगणार आहे. योग्य वेळ बघून सांगतो, एकोणऐंशीचं वय आहे, एकदम सांगितलं आणि काही झालं तर लोक मलाच धरतील.

तुझा दादा


२२ ऑक्टोबर

पान्या,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. तुला ते वाचतानाच कळलं असेल. चिठ्ठी काथ्यात आपोआप शिरत नाही. सीटच्या तळाला जाड कापड असतं, ते उसवून, आत घालून, पुन्हा दाभणाने शिवावं लागतं. ते मी शिवलं. टाके बघितले तर कुठलाही शिवणारा सांगेल की हे नंतरचे आहेत. म्हणूनच त्या डॉक्टरच्या मागे लागलो होतो.

आता सुरुवात केलीच आहे तर पूर्ण लिहितो. हे पत्र वहिनी बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितोय, ती आली की हात थांबेल.

त्या दिवशी नानांना सत्तर पूर्ण झाली. गॅरेजपुढे सगळे जमले होते, फोटोवाला आला होता, नाना इस्त्रीचा शर्ट घालून तयार. अकरा वर्षं तुम्ही दोघं त्या गाडीत डोकं घालून बसला होतात, आणि पहिली फेरी त्या दिवशी निघायची होती. मी सीट घेऊन गेलो. पत्र्यावर चिठ्ठी होती. मी ती वाचली.

वाचली, पान्या. नीट वाचली, तारखेसकट.

मनात काय आलं तेही सांगतो. पाझरतो म्हणजे तुटलेला नाही. कोपऱ्यापर्यंत सपाट रस्ता, पहिल्या गिअरमध्ये जायचं आणि यायचं, फोटो झाला की झालं. आणि त्याच्या खालचंही सांगतो. अकरा वर्षं जो येई तो बॉनेट उघडून बघे. “वा, धाकट्याचा हात आहे,” म्हणत जाई. मी शिवणारा. माझ्या कामावर लोक बसतात, बघत नाहीत. त्या दिवशी टप उघडा राहणार होता आणि सगळा गाव माझी सीट बघणार होता. तुझ्या एका पाइपासाठी ते सोडायचं माझ्या जिवावर आलं. लाज वाटते लिहायला, पण एवढंच होतं. मोठं काही कारण नव्हतं.

आणि मग मी काय केलं माहीत आहे? वाचलं की खूण करायची, ही वीस-बावीस वर्षांची सवय. कानामागची पेन्सिल काढली आणि तुझ्या ‘गाडी हलवू नका’च्या खाली बरोबरची खूण केली. माझी, शेपूट लांब असलेली. चिठ्ठी जागेवर ठेवली आणि सीट बसवली. धड खोटंही वागता आलं नाही मला.

कोपऱ्यावर नानांनी गाडी वळवायची होती. लोक टाळ्या वाजवत होते, नानांना चेव आला, त्यांनी सरळ उताराकडे घेतली. मी मागे माझ्या सीटवर बसलेलो, हात पसरून. “नाना, पुरे, फिरवा,” असं म्हटलं. वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नसेल. मोठ्याने ओरडायला हवं होतं, ‘ब्रेक’ एवढाच शब्द ओरडायला हवा होता. तो ओरडलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. एवढा विचार मी त्या उतारावर केला, पान्या. मग ब्रेकवरचा पाय नुसताच खाली गेलेला मला मागून दिसला, आणि खालची भिंत आली. नानांची कंबर गेली. माझी डाव्या हाताची करंगळी. ती आजही वाकत नाही. कापड धरताना मध्ये येते.

हॉस्पिटलमधून त्यांनी मला बघायला पाठवलं तेव्हा चिठ्ठी होती तिथेच होती, माझ्या खुणेसकट. खूण नसती तर कदाचित तशीच आणून दिली असती, घाईत वाचायची राहिली म्हणालो असतो. खुणेने माझे हात बांधले. खिशात घातली. रस्त्यात फाडणार होतो. घरी चुलीपर्यंतही गेलो होतो. पण तोवर एकही चिठ्ठी आम्ही कधी फाडली नव्हती, हात धजला नाही. मग मला जे एक येतं ते केलं, शिवून टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत तू होतास.

हे सगळं नानांना सांगायचं ठरवून पाच दिवस झाले. रोज सकाळी पाटी घेतो, ‘नाना, पान्याने चिठ्ठी’ इथपर्यंत लिहितो आणि बाहीने पुसतो. काल वहिनी म्हणाली, “खडूचा डबा निम्मा झाला, काय लिहिता एवढं?” नानांनी विचारलं, “काय म्हणतोयस?” मी लिहिलं, ‘चहा घेणार का?’

मला ते जमत नाहीये. तुला कसं समजावू? माणूस ऐकू येणारा असता तर मागे उभं राहून, त्यांच्याकडे न बघता बोलून टाकलं असतं. पाटीवर लिहायचं म्हणजे समोर धरायची आणि ते वाचेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं.

वहिनी आली.


२५ ऑक्टोबर

पान्या,

आज सकाळी डॉक्टर आला. बायको, दोन मुली, मुलींच्या डोक्याला रुमाल बांधलेले, टप उघडा ठेवूनच जायचं म्हणून. मी पहाटेपासून गाडी पुसत होतो. सीट नव्याने शिवून तयार होती, माझ्या जुन्याच टाक्यांवर. तुझी चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती.

नवी चिठ्ठी मी कालच लिहिली होती. ‘घड्याळ बंद. डाव्या दाराचं हँडल कडक. टपाचा मागचा हुक दुसऱ्या झटक्याला बसतो.’ एवढंच उरलंय त्या गाडीत. ब्रेक तर चष्मेवाल्याने पुन्हा तपासून दिले. नाना खुर्चीतून म्हणाले, “वाच आणि खूण कर.” सगळे बघत होते. मी पेन्सिल काढली. चिठ्ठी सीटवर ठेवली, टोक टेकवलं आणि पुढे काही होईना. धाकटी मुलगी आईला म्हणाली, “काका थांबले का?” मला काय झालं ते मलाच सांगता येत नाही. त्या मुलींच्या रुमालांकडे बघत होतो एवढं आठवतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. खिशातली तुझी चिठ्ठी काढली आणि नानांच्या मांडीवर ठेवली. पाटीवर काही लिहिलं नाही.

त्यांनी भिंग काढलं. तारीख वाचली. ओळी वाचल्या, ओठ हलवत. मग भिंग खाली सरकवलं आणि खुणेवर थांबवलं. पान्या, माझी खूण त्यांना ओळखायला भिंग लागत नाही. तरी ते किती वेळ तसेच धरून बसले. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. वहिनीने पुढे येऊन वाकून वाचलं, आणि एकदा माझ्याकडे बघून आत निघून गेली.

नाना रागावतील, पाटी फेकून मारतील, रडतील, काहीतरी होईल असं मला वाटत होतं. तसलं काही झालं नाही. त्यांनी हात पुढे केला, खडू मागितला. आजवर त्यांनी पाटीवर कधी लिहिलेलं नाही, त्यांना गरजच नाही, त्यांचा आवाज शाबूत आहे. आज लिहिलं. सावकाश लिहिलं, आणि पाटी मला नाही, डॉक्टरला दाखवली.

‘याची खूण चालायची नाही. धाकटा येऊन करेल.’

डॉक्टर चांगला माणूस आहे. मुली रडवेल्या झाल्या, त्यांना जवळ घेऊन म्हणाला, “आपण ३१ पर्यंत थांबू.” ३१ नंतर जागा नाही, हे त्यालाही माहीत आहे. मग ते त्यांच्या दुसऱ्या गाडीत बसून गेले.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. नाना सकाळपासून त्याच जागी आहेत, गॅरेजच्या दाराकडे तोंड करून. जेवले नाहीत. वहिनीने दोनदा ताट नेलं, दोनदा परत आलं. ती माझ्याशीही बोलत नाही. फक्त म्हणाली, “नऊ वर्षं मी भावजींना नावं ठेवली. माझ्या तोंडाने.”

पाटी नानांच्या मांडीवर आहे. ती पुसू देत नाहीत. मी हळूच ओढायला गेलो तर दोन्ही हातांनी धरून ठेवली. आणि दुसरी पाटी घरात नाही. कागदावर लिहून समोर धरलं तर डोळे मिटून घेतात. म्हणजे मला माफी मागायची असली तरी ती लिहू कुठे? तू नऊ वर्षं घराबाहेर होतास आणि तुझं कुणी ऐकत नव्हतं. मी घरात बसून आज पहिला दिवस काढला, तर जीव नकोसा झाला.

तुझी चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. तुझी आहे, तुझ्याकडे राहू दे. कुणाला दाखवायची तर दाखव. पार्टवाल्याला आधी दाखव.

नवी चिठ्ठी मात्र पाठवत नाही. मला माहीत आहे, तू तिच्यावर खूण करून टपालाने परत पाठवशील आणि मोकळा होशील. नानांनी ‘येऊन’ लिहिलंय. मी तुला ये म्हणायचा हक्क ठेवलेला नाही, माझ्यासाठी येऊ नकोस. आलास तर मी गॅरेजमध्ये थांबणार नाही, मागच्या दाराने निघून जाईन, तू सांगशील तितके दिवस. आला नाहीस तरी तुझं चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही, मी तर नाहीच. फक्त त्या खुर्चीतल्या माणसाला ते कसं सांगायचं ते मला कळव, कारण त्यांना काही सांगायची सोय आता उरलेली नाही.

सीट बाहेर, भिंतीला टेकवून ठेवली आहे. चिठ्ठी पत्र्यावर आहे, तिच्याशेजारी पेन्सिल. टोक करून ठेवलंय.

दादा